फळीवरचा थर आणि थराची कड : तंजावूरच्या राजवाड्याभोवतीचे एक जुने कसब

तंजावूरच्या राजवाडा परिसरात लाकडावर थर चढवण्याचे दोन धंदे गेली दोन शतके, किंबहुना त्याहूनही अधिक काळ चालत आले आहेत. एक फळीवरच्या देवचित्रांचा, दुसरा वीणेचा. पहिल्यात पूर्वी फणसाच्या आणि आता प्लायवूडच्या फळीवर कापड, कापडावर खडूचा लेप आणि लेपावर सोन्याचा पत्रा चढतो. दुसऱ्यात फणसाच्याच कोरलेल्या लाकडाच्या कडांवर पूर्वी हस्तिदंताच्या आणि आता प्लॅस्टिकच्या पट्ट्या बसतात. स्वयंपाकघराच्या ओट्यावर सनमायका, म्हणजे लॅमिनेट, चिकटवून तिच्या कडा तासणारा आजचा सुतार या दोन्ही धंद्यांचा वारस नाही, पण त्याच्यापुढची अडचण तीच आहे. चिकटवलेला थर मधोमध सहसा सुटत नाही. तो सुटतो कडेला, कोपऱ्यात आणि सांध्यावर.

याचे कारण लाकडाच्या स्वभावात आहे. लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते. ओलावा घेतला की ते रेषांच्या आडव्या दिशेने फुगते, उभ्या दिशेने मात्र जवळजवळ फुगत नाही. वर चिकटवलेले कापड, हस्तिदंत किंवा लॅमिनेट त्याच मापाने फुगत नाही. या ओढाताणीचा सगळा ताण कडेवर येतो, आणि कड उघडी असेल तर ओलावाही तिथूनच आत शिरतो. तंजावूर कावेरीच्या खोऱ्यात, भातखाचरांच्या मधोमध आहे. पावसाचा जोर इथे ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या महिन्यांत असतो, तर एप्रिल-मे महिन्यांत लाकूड तडकेल असे ऊन पडते. इतक्या ओल्या-सुक्या हवेत लाकडावर थर टिकवणे सोपे नाही. तरीही हे धंदे इथेच फोफावले, ते राजवाड्यामुळे.

राजवाड्याचे मूळ बांधकाम सोळाव्या शतकातील, तंजावूरच्या नायक राजांचे. शेवटचा मोठा नायक राजा विजयराघव १६७३ मध्ये मदुरैच्या चोक्कनाथ नायकाशी झालेल्या लढाईत मारला गेला. त्यानंतरच्या धामधुमीत विजापूरच्या बाजूने आलेल्या व्यंकोजी भोसल्यांनी, म्हणजे शिवाजीमहाराजांच्या सावत्र भावाने, तंजावूर घेतले. त्यांच्या वंशाने १८५५ पर्यंत तिथे गादी चालवली. राजवाड्याभोवती चार राजवीथी आहेत, पूर्व, पश्चिम, उत्तर आणि दक्षिण. कारभारी, भटजी, गवई, नट्टुवनार (नृत्यगुरू), सोनार, सुतार अशी दरबारावर पोट असलेली माणसे याच रस्त्यांच्या आणि त्यांना फुटलेल्या गल्ल्यांच्या आधाराने राहिली. त्यांत मराठी, तमिळ आणि तेलुगू बोलणारे सगळेच होते. दरबारच मुळात तीन-चार भाषांत चालत असे.

या परिसरात थर केवळ लाकडावरच चढत होते असे नाही. राजवाड्याच्या मराठा दरबार सभागृहातले खांब आणि कमानी विटांच्या आहेत. त्यांवर चुन्याचा गिलावा आणि गिलाव्यावर रंग आहे. जवळच्या बृहदीश्वर मंदिराच्या प्रदक्षिणामार्गात तर एका थराखाली दुसरा थर निघाला. १९३१ मध्ये अण्णामलै विद्यापीठाचे एस. के. गोविंदस्वामी यांना तिथल्या नायककालीन चित्रांच्या खाली चोळांच्या काळातील चित्रे दिसली. नायक चित्रकारांनी जुनी चित्रे खरवडण्याऐवजी त्यांवरच नवा गिलावा फिरवला होता. पुढे भारतीय पुरातत्त्व खात्याने वरचा थर काही ठिकाणी अलगद सोडवून फायबरग्लासच्या तक्त्यांवर बसवला. त्यामुळे सहा शतकांचे अंतर असलेली चित्रे वेगळी पाहता येऊ लागली. भिंतीवरचा गिलावा असा सोडवता येतो, कारण त्याची पकड कड सुटल्यावर सैल होत जाते. दुरुस्ती करणाऱ्याच्या हाताला जी सोय वाटते, तीच मूळ कारागिराच्या दृष्टीने उणीव असते.

फळीवरच्या चित्रांना तमिळमध्ये ‘पलगै पडम’ म्हणतात. ही चित्रे काढणारे कारागीर बहुतेक राजू समाजाचे, घरी तेलुगू बोलणारे. मदुरैकडे हेच काम नायडू करत. १५६५ च्या राक्षसतागडीच्या लढाईनंतर विजयनगरचा आश्रय तुटला आणि चित्रकारांची घराणी दक्षिणेकडे सरकली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तंजावूरच्या नायकांनी त्यांना आसरा दिला आणि भोसल्यांनी तो पुढे चालवला. आज आपण ज्याला तंजावूर चित्र म्हणतो त्याचे रूप, म्हणजे जाड सोने, उठावाचे काम, काचेचे खडे, गुबगुबीत बाळकृष्ण, हे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ठरत गेले.

या काळातले सर्वांत मोठे नाव दुसऱ्या सरफोजीचे. त्याचा जन्म १७७७ चा. ख्रिस्ती धर्मोपदेशक श्वार्ट्झ याच्या देखरेखीखाली त्याचे शिक्षण झाले आणि १७९८ मध्ये तो गादीवर आला. पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि राजाकडे किल्ला, राजवाडा, ठरावीक रक्कम आणि महसुलातला वाटा उरला. सत्ता गेली, पैसा आणि वेळ राहिला. सरफोजीने तो पुस्तके, छापखाना, औषधी, संगीत आणि चित्रे यांत घातला. राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयाचा संग्रह त्याने वाढवला. १८०५ च्या सुमारास राजवाड्यात देवनागरी खिळ्यांचा छापखाना सुरू केला. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरवला. त्याचा संगमरवरी पुतळा इंग्लंडमधल्या जॉन फ्लॅक्समनने घडवला. त्याच राजाच्या पदरी राजू चित्रकार फळीवर त्याची चित्रे रंगवत होते. युरोपी संगमरवर आणि तंजावुरी फळी एका वाड्यात नांदणे हे त्या काळाच्या तंजावूरला साजेसेच होते.

चित्रफळी तयार करण्याची रीत अशी. आधी फणसाची किंवा सागाची वाळलेली फळी रंध्याने साफ करत. चित्र मोठे असेल तर दोन-तीन फळ्या कडेला कड लावून जोडाव्या लागत. त्यांवर कोऱ्या सुती कापडाचा एक किंवा दोन पदर चिकटवत. चिकटवायला चिंचोक्याची खळ किंवा डिंक. चिंचोके भाजून सालपट काढायचे, दळायचे आणि पीठ पाण्यात शिजवायचे. अशी खळ कापडात चांगली मुरते, वाळल्यावर घट्ट धरते आणि स्वस्त पडते. तिचा एक तोटा असा की ती किड्यांना आवडते. जुने बुकबांधणीवाले खळीत मोरचूद घालत, त्याचे कारणही हेच.

कापड चिकटवण्यातली खरी परीक्षा कडेला असते. मधला भाग तळहाताने किंवा कापडाच्या बोळ्याने दाबत नेला की हवा बाहेर जाते. कडेशी मात्र कापडाचे धागे सुटे असतात आणि खळही तिथे आधी वाळते. म्हणून खळ कडेला थोडी सढळ लावायची, कापड फळीपेक्षा मोठे घ्यायचे आणि जास्तीचे कापड पुरते वाळल्यावरच कापायचे. ओले असताना पाते चालवले तर धागा ओढला जातो आणि कडेची पकड निघते. हा नियम चिकटवायच्या कोणत्याही थराला लागू आहे. आधी मोठे घ्यावे, पक्के बसू द्यावे, मगच बरोबर करावे.

कापडावर खडूची किंवा चुनखडीची बारीक भुकटी डिंकात कालवून लेप देतात. एका जाड लेपाऐवजी अनेक पातळ लेप दिले जातात. प्रत्येक लेप वाळला की तो घासून घोटायचा. त्यासाठी गुळगुळीत दगड किंवा शिंपला वापरत. घोटलेल्या पृष्ठावर बोट फिरवले तर कापडाची वीण लागता कामा नये. मग रेखाटन. ठरलेल्या देवतांसाठी टोचलेले खाके असत. खाक्यावरून कोळशाची पुरचुंडी थोपटली की ठिपक्यांची रेघ फळीवर उतरे. दागिने, प्रभावळ, मंडपाचे खांब आणि पडदे जिथे यायचे तिथे त्याच खडू-डिंकाच्या घट्ट मळणीने उठाव देत. ओल्या उठावात काचेचे खडे बसवत. त्यावर सोन्याचा पत्रा.

हा पत्रा वर्खाइतका नाजूक नसतो. तो जरा जाड असतो, म्हणून कापता येतो आणि उठावावर दाबला की त्याचा आकार घेतो. आकारापेक्षा थोडा मोठा तुकडा कापून डिंकावर ठेवायचा, कुंचल्याच्या दांड्याने किंवा बोथट काडीने खोबणीत बसवायचा आणि बाहेर आलेली किनार धारदार पात्याने कापून टाकायची. कितीही हात बसलेला असला तरी पत्र्याची कड शंभर टक्के सुबक येत नाही. ती झाकण्याचे काम रंगकाम करते. शेवटी काढलेली गडद तांबूस किंवा काळसर बाह्यरेषा सोन्याच्या कडेवर चढते आणि सोने व रंग यांतला सांधा दिसेनासा होतो. तंजावूर चित्रातली ती ठाम रेघ पाहणारे तिला शैली म्हणतात. ती शैली आहेच, पण तिच्याखाली एक कापलेली कडही आहे.

रंग ठरलेले होते. पार्श्वभूमी लाल, निळी किंवा हिरवी, आकृती सपाट, छाया अगदी थोडी. युरोपी चित्रे पाहण्यात आल्यावर गाल आणि दंड गोलाईने रंगवण्याची चाल वाढली. विषय बहुधा लोणी खाणारा कृष्ण, रामपट्टाभिषेक, देवी, आळवार आणि नायन्मार हे संत. शिवाय राजांची चित्रेही होती. चित्र पूर्ण झाले की ते जड लाकडी चौकटीत बसे, पुष्कळदा काचेखाली. चौकट शोभेसाठी असतेच. तरी तिचे पहिले काम कडेचे रक्षण हे होते. फळी, कापड आणि लेप यांच्या एकावर एक आलेल्या तीन कडांची उघडी बाजू चौकटीच्या खाचेत जाते, तिथे हात लागत नाही आणि ओलही कमी पोचते. चौकट मोडलेल्या जुन्या चित्रांत लेप पहिल्यांदा काठावरून पापुद्र्यासारखा उचलला जातो. जोडफळ्यांच्या सांध्यावर चित्राच्या मधून उभी भेग जाते ती वेगळीच. तिथे खालच्या फळ्या आपापल्या परीने आक्रसलेल्या असतात आणि कापड ताणाला कमी पडलेले असते.

महाराष्ट्रात चित्रांचा असा चिकटवण्याचा व्यवहार वेगळ्या रूपात होता. पैठण आणि पिंगुळी येथील चित्रकथींच्या पोथ्यांत दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात, म्हणजे एक पान दोन्ही बाजूंनी दाखवता येते. सावंतवाडीत लाखेचे काम केलेली लाकडी खेळणी आणि गंजिफा झाल्या. तंजावूरच्या फळीइतका जाड, सोन्याने मढवलेला आणि देवघरात कायमचा टांगायचा थर मात्र मराठी मुलखात रुळला नाही. पिंगुळीचे चित्र गावोगाव हिंडणारे, तंजावूरचे एका भिंतीवर बसलेले. दोन्हींची घडण याच फरकातून ठरली.

दुसरा धंदा वीणेचा. आज दक्षिणेत वाजते त्या सरस्वती वीणेचे चोवीस पडद्यांचे रूप रघुनाथ नायकाच्या काळात, म्हणजे १६०० ते १६३४ च्या दरम्यान, त्याचा मंत्री गोविंद दीक्षित याच्या देखरेखीखाली ठरले असे परंपरा सांगते. मराठा दरबारात गाण्याला मोठा मान होता. पोन्नय्या, चिन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे संगीत-नृत्यातले प्रसिद्ध चौघे भाऊ सरफोजीच्याच दरबारचे. वीणा बनवणारी घरे शहरात राहिली ती अशा मागणीवर.

वीणेला फणसाचेच लाकूड लागते, आणि पन्रुटीच्या बाजूचे लाकूड चांगले समजले जाते. ओंडका तासून गोल तुंबा पोखरतात. त्याच्या तोंडावर पातळ फळी चिकटवतात. तुंब्याला दांडी, दांडीच्या टोकाला याळी या सिंहासारख्या काल्पनिक प्राण्याचे तोंड. सगळे एकाच ओंडक्यातून काढले तर ती ‘एकांड’ वीणा, तिचा मान मोठा आणि किंमतही. तुंबा, दांडी आणि याळी वेगवेगळी करून जोडली तर ती जोडवीणा. दांडीवर काळ्या मेणाच्या दोन कडा उभारतात आणि त्या मेणात धातूचे चोवीस पडदे बसवतात. मेण गरम असताना पडदा थोडा इकडेतिकडे सरकवून सूर नेमका लावता येतो. म्हणून वीणा विकत घेतल्यावरही वर्षा-दोन वर्षांनी मेण पुन्हा बसवून घ्यावे लागते.

तुंब्यावरच्या फळीची गोल कड, दांडीच्या दोन बाजू आणि तुंबा-दांडीचा सांधा, या तीन जागा लाकूड उघडे राहिले तर ओंगळ दिसतात आणि आधी फाटतात. तिथे हस्तिदंताच्या पट्ट्या येत. हस्तिदंत कठीण असते, गुळगुळीत घासता येते आणि त्यावर अणकुचीदार हत्याराने नक्षी कोरता येते. कोरलेल्या रेघांत काळे किंवा रंगीत मेण भरून वरचे पुसून टाकले की पांढऱ्यावर रेघ उठून दिसते. युरोपात व्हायोलिनच्या पोटाच्या कडेने लाकडाची बारीक तिपदरी पट्टी खाचेत बसवतात. कडेला धक्का लागून चीर पडली तर ती पट्टीपाशी थांबते. वीणेची पट्टी वरून चिकटवलेली असते, खाचेत घातलेली नसते, पण फळीची कड मधल्या नाजूक भागापासून तोडायची हा हेतू दोन्हीकडे एकच. वडिवेलूने कर्नाटक संगीतात व्हायोलिन रुळवल्याचे सर्वश्रुत आहे. तंजावूरच्या कारागिरांनी ते वाद्य जवळून पाहिले असणार. तरी वीणेच्या कडेची रीत त्यांनी बदलली नाही.

हस्तिदंताची जागा हळूहळू सांबराच्या शिंगाने आणि शेवटी पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पत्र्याने घेतली. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यातील १९८६ च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा व्यापार आणि १९९१ च्या दुरुस्तीने आफ्रिकी हस्तिदंताचाही व्यापार बंद झाला. कारागिराच्या दृष्टीने हा बदल नुसता मालाचा नव्हता. हस्तिदंताची पट्टी करवतीने कापून कानशीने बसवावी लागे, प्लॅस्टिक ब्लेडने कापता येते आणि जरा तापवले की तुंब्याच्या गोलाईवर वळते. कापणे सोपे झाले, चिकटवणे अवघड. प्लॅस्टिकला लाकडासाठीचा सरस धरत नाही, त्याला कारखान्याचा गोंद लागतो. शिवाय उन्हात ठेवलेल्या वीणेची प्लॅस्टिकची पट्टी कडेने उचलली जाते, हस्तिदंताची सहसा जात नसे. कोरणे आणि रेघांत मेण भरणे मात्र जसेच्या तसे राहिले. हस्तिदंत बंद होऊनही वीणा पूर्वीसारखीच दिसते ती त्यामुळे.

दरबाराचा आश्रय मात्र याच्या कितीतरी आधी संपला. सरफोजीचा मुलगा दुसरा शिवाजी १८५५ मध्ये पुरुष वारस न ठेवता वारला आणि कंपनीने राज्य खालसा केले. १८५६ मध्ये राजवाडा व मालमत्ता ताब्यात घेतली गेली. थोरली राणी कामाक्षीबाई न्यायालयात गेली. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचले आणि १८५९ मध्ये तिथे असा निकाल लागला की हे राजकीय कृत्य असल्याने न्यायालयाला त्यात हात घालता येत नाही. राजकीय कृत्यांवर न्यायालयाची कक्षा किती, या विषयावर हा निकाल आजही उद्धृत होतो. १८६२ मध्ये खासगी मालमत्ता राण्यांना परत मिळाली, पण चित्रकाराला महिन्याचा पगार देणारे दफ्तर बंद झाले ते कायमचे. सरस्वती महालातले मोडी कागद त्या दफ्तराचाच उरलेला भाग आहे. त्यांतले काही तमिळ विद्यापीठाने तमिळमध्ये उतरवून छापले आहेत. मराठीत मात्र या कागदांचा उपयोग अजून फारच थोडा झाला आहे, आणि ही आपल्याकडची हेळसांड आहे.

चित्रकारांनी मग चेट्टियार सावकार, जमीनदार, मठ आणि मंदिरे यांची कामे धरली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुंबईहून दुसरे संकट आले. १८९४ मध्ये चित्रकार रवि वर्म्यांचा छापखाना सुरू झाला, पुढे तो मळवलीला गेला, आणि देवांची रंगीत चित्रे घरोघरी परवडू लागली. फळीवरचे एक चित्र करायला महिना लागायचा. छापील लक्ष्मी काही आण्यांत मिळू लागली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत फळीचे काम करणारे थोडेच उरले. १९५१ मध्ये राजवाड्यात कलादालन सुरू झाले, तेव्हा जतन करण्याची भाषा आली होती ती याच पडझडीमुळे. सत्तरच्या दशकानंतर मागणी पुन्हा वाढली. जया अप्पासामी यांचे मराठाकालीन तंजावूर चित्रांवरचे पुस्तक १९८० मध्ये आले आणि संग्राहकांचे लक्ष या चित्रांकडे वळले. २००७-०८ मध्ये तंजावूर चित्रांना भौगोलिक मानांकन मिळाले, त्यानंतर काही वर्षांनी तंजावूर वीणेलाही.

नव्या मागणीबरोबर फळीची जागा प्लायवूडने घेतली. इथे जुन्या कारागिरांपेक्षा नव्यांची सोय झाली हे मान्य करावे लागेल. प्लायवूडमध्ये लाकडाचे पापुद्रे एकमेकांना आडवे रचून चिकटवलेले असतात. त्यामुळे एक पापुद्रा फुगायला निघाला की शेजारचा त्याला धरून ठेवतो. जोडफळीच्या सांध्यावरून चित्र फाटण्याचा रोग त्याने जवळजवळ संपला. बदल्यात कडेचा रोग वाढला. फळीची कड भरीव असते, प्लायवूडच्या कडेला प्रत्येक थराचा सांधा उघडा असतो. निकृष्ट प्लायवूड कडेवर पाणी पडताच पानापानांनी सुटते. भारतीय मानकांत आयएस ३०३ साध्या प्लायवूडसाठी आणि आयएस ७१० पाण्यात टिकणाऱ्या प्लायवूडसाठी आहे. चित्राला पहिले चालते. स्वयंपाकघराला ते पुरतेच असे नाही.

स्वयंपाकघरात या कहाणीचा तिसरा भाग येतो, आणि तो सगळ्यांत नवा आहे. तंजावूरच्या काय किंवा पुण्याच्या काय, जुन्या घरात स्वयंपाक जमिनीवर बसून होई. उभ्याने रांधण्याचा ओटा गॅसमागोमाग सर्वत्र पसरला. इंडेन गॅसची पहिली जोडणी १९६५ मध्ये कोलकात्यात दिली गेली, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत सिलिंडर लहान शहरांत पोचला. शेगडी सिलिंडरपेक्षा उंच हवी, म्हणून ओटा आला. आपल्याकडे ओट्याच्या माथ्यावर बहुतेक कडाप्पा किंवा ग्रॅनाइट घालतात. लॅमिनेट खालच्या कपाटांच्या दारांना असते. ओट्याच्या माथ्यावरही ते लावतात, पण कमी, कारण आपल्या ओट्यावर पाणी अखंड वाहते आणि गरम भांडे सरळ खाली ठेवले जाते.

लॅमिनेट हा मुळात कागद आहे. अमेरिकेत १९१२-१३ च्या सुमारास ओ’कॉनर आणि फेबर या दोघांनी विजेच्या कामात अभ्रकाऐवजी वापरण्यासाठी रेझिनमध्ये भिजवलेल्या कागदांचा घट्ट पत्रा केला, आणि त्यातून फॉर्मायका निघाली. तपकिरी कागदांचे अनेक थर फिनॉलच्या रेझिनमध्ये आणि वरचा नक्षीचा कागद मेलामाइनमध्ये भिजवून, उष्णता आणि मोठा दाब देऊन हा पत्रा बनवतात. आपल्याकडे आठ बाय चार फुटांचा आणि बहुधा एक मिलिमीटर जाडीचा पत्रा मिळतो. त्यासाठीचे मानक आयएस २०४६. कागद असल्यामुळे तोही हवेबरोबर थोडा फुगतो आणि आक्रसतो, आणि म्हणूनच फणसाच्या फळीवरच्या कापडाला लागू होणारे बरेच नियम त्यालाही लागू होतात.

ओट्याला लॅमिनेट लावताना आधी कडेच्या पट्ट्या चिकटवायच्या आणि मग माथ्याचा पत्रा, हा पहिला नियम. असे केले की माथ्याचा पत्रा पट्टीच्या वरच्या धारेवर येतो आणि सांडलेले पाणी सांध्यात न जाता खाली ओघळते. उलट केले तर सांधा माथ्यावर उघडा राहतो आणि वर्षभरात कड काळी पडते. पत्रा चारी बाजूंनी पाच-सहा मिलिमीटर मोठा कापतात. रबरी सोल्यूशन दोन्ही पृष्ठांना लावून बोटाला चिकटेनासे होईपर्यंत सुकू देतात. मग पत्रा टेकला की हलवता येत नाही, म्हणून मध्ये लाकडी पट्ट्या ठेवून त्या एकेक काढत बसवतात. मधून कडेकडे रुळाने किंवा लाकडी ठोकळ्याने दाबत नेतात.

जास्तीची किनार ट्रिमरने कापतात. ट्रिमरच्या पात्याखाली एक छोटी बेअरिंग असते, ती पट्टीच्या बाजूवर फिरते आणि पाते पत्रा बरोबर पट्टीच्या सपाटीला कापते. पट्टीवर सोल्यूशनचा एखादा थेंब वाळून राहिला असेल तर बेअरिंग त्यावर चढते आणि तेवढ्या जागी किनार थोडी बाहेर राहते. म्हणून आधी पट्टी साफ पुसावी लागते. त्यानंतर कानस. कानस तिरकी धरून, ढकलताना खाली आणि आतल्या बाजूला दाबायची. परत आणताना उचलायची. वर ओढत घासली तर मेलामाइनचा थर कडेवर टवका सोडतो आणि तो टवका दुरुस्त होत नाही. कड नीट मोडली की पांढऱ्या किंवा रंगीत पृष्ठाच्या काठाला तपकिरी कागदाची केसाएवढी रेघ दिसते. सिंकसाठी किंवा भिंतीच्या वळणासाठी पत्र्यात काटकोनी खाच घ्यायची असेल तर आतला कोपरा टोकदार ठेवत नाहीत, तिथे आधी भोक पाडून गोलाई देतात. टोकदार आतल्या कोपऱ्यात ताण एकवटतो आणि चीर तिथूनच सुरू होते.

दारांच्या कडांवर आता लॅमिनेटऐवजी पीव्हीसीची पट्टी येते. कारखान्यात ती यंत्राने गरम गोंदावर दाबून बसवतात आणि दोन्ही बाजूंची किनार यंत्रच तासते. साइटवर सुतार तीच पट्टी हाताने लावतो आणि ब्लेडने कापतो. ओट्याच्या माथ्याला जिथे अजून लॅमिनेट घालतात, तिथे काहीजण पुढची कड गोल करून पत्रा एकसंध वळवून खाली नेतात. त्यासाठी वळणारे लॅमिनेट वेगळे मिळते आणि वळवायला उष्णता लागते. कडेचा सांधाच त्यामुळे नाहीसा होतो. राजवीथीवरच्या वीणेच्या कारखान्यांत मात्र पट्टी अजून हातानेच तापवून वळवतात, तुंब्याच्या गोलाईला लावून पाहतात, कडेला कानस देतात आणि मगच कोरायला घेतात. दोन वीणांचे तुंबे सारख्या मापाचे नसतात, त्यामुळे या कामाला यंत्र लावणे आजवर फायद्याचे ठरलेले नाही.